मोती आणि बंगारू

शाळेतील आमच्या कपाटाचा खालचा खण सापडलेल्या वस्तूंसाठी राखून ठेवलेला आहे. कंपासपेट्या, एकेकटी चप्पल, पाण्याच्या बाटल्या, क्वचित एखादे पैंजण. वस्तू कोणाची, हे ठरविण्याचे काम गेली कित्येक वर्षे आम्ही करीत आलो आहोत, आणि त्यात आपला हातखंडा आहे असा आमचा समज होता. ओळखीची खूण सांगावी आणि वस्तू घेऊन जावी, एवढ्या सोप्या कायद्यावर आमची न्यायाधीशी चालली होती. २०२४ च्या संक्रांतीपर्यंत तिला कोठे तडा गेला नव्हता.

त्या संक्रांतीत आमच्या सौभाग्यवती अंबरपेठेत एका घरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. परतताना गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची एक गाडी दिसली आणि गाडीखाली एक तपकिरी कुत्रा. डावा कान अर्धा मुडपलेला, छातीवर पांढरा ठिपका. त्यांच्या तोंडून नकळत हाक गेली, "मोती!" कुत्र्याने मान वर केली, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, आणि तो उठून त्यांच्या पायांशी आला. इस्त्री करणाऱ्या बाईने "बंगारू!" म्हणताच तितक्याच तत्परतेने तो माघारी गेला. बंगारू म्हणजे तेलुगूत सोने. मोत्याचे सोने झाले होते.

हा मोती आमच्याकडून गेला तो १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री. ती रात्र हैदराबादकरांना सांगावयास नको. घटकेसरच्या बाजूला एका दिवसात तीस सेंटीमीटरहून अधिक पाऊस झाला, तलावांचे बांध फुटले, मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेला. आमचे घर मलकपेठेच्या सखल अंगाला. अंगणात घोटाभर असलेले पाणी पाहता पाहता उंबरठ्याच्या आत आले. आम्ही ऐंशी उलटलेल्या मातोश्रींना वरच्या मजल्यावर नेले, मग तांदळाचे पोते, मग दूरदर्शन संच, मग पुस्तके. पुस्तकांच्या चार खेपा झाल्याचे आम्हांस पक्के स्मरते. सकाळी पाहिले तो मोती नव्हता. चार दिवस शोध घेतला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागलो, "मोती हरवला."

मातोश्रींना हे सांगणे सर्वांत कठीण गेले. रात्रीच्या ज्वारीच्या भाकरीचा शेवटचा चतकोर त्या मोतीसाठी दुधात कुस्करीत. "सुटून कुठे तरी गेला आहे, येईल," असे आम्ही त्यांना सांगितले. २०२२ मध्ये त्या गेल्या, अखेरच्या आजारातही "मोती आला का रे?" हा प्रश्न दिवसाआड होत असे. म्हणून कुत्रा दिसल्याच्या रात्री सौभाग्यवती जे म्हणाल्या त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. "अहो, आईंच्या हातचे खाल्लेला घरात आता तेवढाच एक जीव आहे. तो परक्याच्या दारी का राहावा?"

आम्ही रीतसर तयारीला लागलो. मुख्याध्यापकाला फाईल केल्याविना चैन पडत नाही. नारायणगुड्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील लस टोचल्याचे कार्ड सापडले, मातोश्रींच्या पायांशी बसलेल्या मोतीचे छायाचित्र सापडले. ओळखीच्या एका वकिलांनी कायदा समजावून दिला. १८७२ च्या करार कायद्याच्या ७१ व्या कलमाप्रमाणे, सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो त्याने ती दुसऱ्याची ठेव म्हणून सांभाळावयाची असते. १६८ व्या कलमाने त्याला सांभाळण्याच्या खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही, मात्र खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. हरवलेली वस्तू परत मागण्याची मुदत १९६३ च्या कायद्याने तीन वर्षांची. पण ती मोजावयाची, वस्तू कोणापाशी आहे हे मालकास प्रथम कळते त्या दिवसापासून. म्हणजे आमची मुदत संक्रांतीला सुरू झाली होती. कायद्याच्या लेखी कुत्रा आणि कंपासपेटी एकाच खणातील, हे पाहून आम्हांस त्या दिवशी समाधानच वाटले.

असे तंटे पुष्कळ होतात, हेही कळले. होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम्, येथे २०२० सालीच एका काळ्या लॅब्रेडॉरवर दोघांनी हक्क सांगितला आणि पोलिसांना कुत्र्याची डीएनए चाचणी करवावी लागली. (आमच्या मोतीचे आईबाप मलकपेठेच्या कोणत्या उकिरड्यावर नांदले हे कोणास ठाऊक, ती वाट बंदच होती.) अमेरिकेत २००५ च्या कत्रिना वादळात माणसे बाहेर पडली आणि कुत्री मागे राहिली. कोणी तरी ती वाचविली, दूरच्या राज्यांत ती नव्या घरी रुळली, आणि मग मूळ मालक न्यायालयात गेले. कोणाचा दावा टिकला यापेक्षा दुसरीच एक गोष्ट तेव्हा आमच्या मनाला लागावयास हवी होती. दुसऱ्याच वर्षी, २००६ मध्ये, तेथे कायदा झाला, की आपत्तीत माणसे हलविण्याच्या योजनेत पाळीव जनावरांचाही विचार व्हावा. ते वाचून आम्ही पान उलटले.

एका रविवारी फाईल आणि पाकीट घेऊन आम्ही दोघे अंबरपेठेस गेलो. दिवसाचे वीस रुपये धरून हिशेब केला होता. बाई पन्नाशीच्या असाव्यात. आम्ही बोलत असता त्यांनी इस्त्री थांबविली नाही. कार्ड पाहिले, छायाचित्र जरा अधिक वेळ पाहिले. मग कोळशाची इस्त्री बाजूला ठेवून त्या आत गेल्या आणि एक साखळी घेऊन आल्या. गंजलेली, टोकाला भिंतीतून उपटून आलेली लोखंडी कडी. पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी नदीकाठच्या झुडपात हा साखळीसकट अडकलेला सापडला. मानेच्या जखमेत किडे पडले होते. हळद भरून भरून ती सुकावयास महिना गेला. एवढे सांगून त्यांनी तेलुगूत विचारले, "एवरु कट्टेसारु, सार?" कोणी बांधला होता?

त्या संध्याकाळी मोती दूधवाल्याच्या अंगावर धावला होता. शिक्षा म्हणून आम्हीच त्याला आमच्या हाताने अंगणातील कडीला बांधले होते. पाणी चढत असता वरच्या मजल्यावरून त्याचे भुंकणे आम्हांस ऐकू आले होते, आणि 'एवढी खेप झाली की जातो' असे आम्ही म्हटले होते. ही खेप पुस्तकांची होती.

'हरवणे' हे उभयविध क्रियापद आहे, हे आम्ही वर्गात तीस वर्षे शिकविले. 'मोती हरवला' यात कर्ता मोती. 'आम्ही मोती हरवला' यात कर्ते आम्ही. सवा तीन वर्षे आम्ही सर्वांशी, मातोश्रींशीही, पहिल्याच वाक्यात बोलत होतो. सिद्धार्थ आणि देवदत्ताच्या हंसाचा धडा घेताना देवदत्ताच्या बाजूने हात वर करणारा मुलगा आम्हांस कधी भेटला नाही, हेही तेव्हाच आठवावे, हे चमत्कारिक खरे.

"आम्ही बांधला," आम्ही म्हणालो. सौभाग्यवतींनी चमकून आमच्याकडे पाहिले. ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती. बाई काहीच बोलल्या नाहीत. साखळी त्यांनी गाडीच्या फळीवर ठेवली, तिचा खळ्ळकन आवाज झाला, आणि गाडीखालचा कुत्रा उठून पलीकडच्या चाकाआड जाऊन बसला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुमचा आहे, न्यायचा तर न्या, सार. साखळीने मात्र नेऊ नका."

आम्ही नेला नाही. पाकीट त्यांनी घेतले नाही. वर्षाच्या लशीचा खर्च तेवढा आमच्याकडे असावा, हे पुष्कळ बोलण्यानंतर त्यांनी मान्य केले. कार्ड त्यांच्या स्वाधीन केले, तेव्हा 'मोती' या नावाखाली 'बंगारू' असे लिहून द्या म्हणाल्या, आणि आम्ही तेलुगू लिपीत ते लिहून दिले.

सौभाग्यवतींना हा निकाल आजही मान्य नाही. चूक तुमची, मग आईंच्या मोतीला आम्ही का मुकावे, असे त्या विचारतात, आणि या प्रश्नात तथ्य नाही असे आम्हांस म्हणता येत नाही. दर शनिवारी त्या दुधात कुस्करलेली भाकरी डब्यात घालून पूल ओलांडून जातात. तो खातो, हात चाटतो, आणि गाडीखाली जाऊन पडतो. आम्ही बरोबर जातो, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. गेल्या शनिवारी तो तेथवर आला होता.