यकृताचा आजार आणि लोकांचा संशय

आमच्या वडनेरात कुणाच्या यकृताला गाठ निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘पोरगा पितो का?’ २२ वर्षांच्या आमच्या भाच्यासाठी आम्हालाही तो ऐकावा लागला. दारू हराम मानणाऱ्या घराला हा संशय आजाराइतकाच जिव्हारी लागतो.

डॉक्टरांनी नाव सांगितले, फायब्रोलॅमेलर कर्करोग. १९५६ मध्ये प्रथम वर्णन झालेला हा दुर्मीळ आजार बहुधा तरुणांनाच होतो. त्यामागे ना दारू असते, ना जुनी कावीळ. पेशीतली दोन जनुके चुकून जोडली जातात, हे २०१४ मध्ये कळले. त्या शोधात एलाना सायमन ही याच आजारातून उठलेली अमेरिकन मुलगी होती.

शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढणे हाच मुख्य इलाज. उरलेले निरोगी यकृत पुन्हा वाढते, ही अल्लाहची कुदरत! भाच्याचे ऑपरेशन झाले, अल्हम्दुलिल्लाह. पण गाठ परतू शकते, म्हणून अनेक वर्षे तपासणी चुकवायची नाही.

तरुण मुलाचे पोट सतत दुखत असेल, वजन घटत असेल, तर लोकलाजेने लपवू नका. सेवाग्रामसारख्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. आणि इयादतीला जाताना दुआ न्या, संशय नको.