आधी बातमी वाचा

६ जानेवारी जवळ आला की तालुक्यातालुक्यांत पत्रकार पुरस्कारांची धांदल उडते. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, म्हणून हा पत्रकार दिन. अशा समारंभांना मी हौसेने जातो आणि मागच्या रांगेत बसतो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. ‘शोधपत्रकारिते’चाही एक पुरस्कार असतो. मानपत्रात ‘निर्भीड’, ‘झुंजार’ सगळं असतं. पुरस्कार कोणत्या बातमीसाठी, तेवढंच नसतं. लिहिणार तरी कसं? ज्या कंत्राटदाराच्या रस्त्याची बातमी, त्याचीच स्मरणिकेत पानभर जाहिरात!

तालुक्याचा वार्ताहर शोध घेतो म्हणजे काय करतो? माहिती अधिकाराच्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतो आणि ३० दिवस वाट बघतो. मग पानाला २ रुपये भरून रस्त्याच्या कामाच्या मोजमाप वहीची झेरॉक्स घेतो आणि भर उन्हात रस्त्यावर उकिडवा बसून डांबराच्या थराला पट्टी लावतो. पगार बहुतेकांना नाहीच. तुटपुंजं मानधन आणि जाहिरातींवरचं कमिशन. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याच्याच दारात दिवाळीची जाहिरात मागायला जायचं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर गाठ पडते ती वेगळीच.

गाठ पडणं म्हणजे काय, हे राजापूरने पाहिलं आहे. तिथले पत्रकार शशिकांत वारिशे यांनी प्रस्तावित रिफायनरीच्या एका समर्थकाविषयी दिलेली बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी छापून आली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याविषयी होती, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्येच केला होता.

बातमीचं नाव घेऊन पुरस्कार देता येतो, याचं एक उदाहरण बघा. अमेरिकेतलं ब्रुकसाइड हे जेमतेम बाराशे वस्तीचं गाव. आपल्याकडे एखाद्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. तिथले पोलीस वाहनचालकांना दंड ठोकून गावाचं निम्मं उत्पन्न उभं करत होते, हे बर्मिंगहॅमच्या पत्रकारांनी उघड केलं. पोलीसप्रमुखाला खुर्ची सोडावी लागली. २०२३ मध्ये त्या पत्रकारांना स्थानिक वार्तांकनाचं पुलित्झर पारितोषिक विभागून मिळालं, ते नेमक्या याच बातम्यांसाठी, गावाच्या नावासकट.

संयोजकहो, येत्या ६ जानेवारीला शाल पांघरण्याआधी, जिच्यासाठी पुरस्कार ती बातमी माइकवरून वाचून दाखवा, नावांसकट. पाच मिनिटं लागतील. प्रमुख पाहुण्यांना ते चालणार नसेल, तर पाहुणे बदला.