दोन चौकटींमधली रेघ

पांढऱ्या फळ्यावर निळ्या मार्करने सहा चौकटी काढून मी मागे सरले, तेव्हा हिंजवडीच्या त्या काचेच्या खोलीत संध्याकाळचं ऊन तिरकं उतरलं होतं आणि शाई अजून ओली चमकत होती. ऑर्डर, पेमेंट, साठा, ग्राहक, सूचना, अहवाल. चौकटींचे कोपरे नीट जुळलेले, मधल्या रेघा मात्र घाईघाईने ओढलेल्या. दहा वर्षं कोड लिहून झाला होता, आता आर्किटेक्ट व्हायचं होतं, आणि मला वाटत होतं, आर्किटेक्ट म्हणजे मोठ्या चौकटी काढणारा प्रोग्रामर. माझी वरिष्ठ सहकारी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग ऑर्डरकडून पेमेंटकडे जाणाऱ्या रेघेवर तिने बोट ठेवलं. बोटाला शाई लागली.

‘‘चौकटी कळल्या. या रेघेत काय आहे?’’

मला उत्तर आलं नाही.

त्या रात्री झोप लागेना. डोळे मिटले की ती दोन इंचांची रेघ लांबायला लागायची. इमारतीखालून, रस्त्याखालून, घाट उतरून ती मुंबईकडे निघायची, वर्सोव्याच्या वाळूखालून समुद्रात शिरायची, आणि तिथे, जिथे कुठलाच दिवस पोचत नाही अशा काळोखात, केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून माझा प्रश्न उजेड होऊन धावत राहायचा. काचेतून उजेड एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला काही विचारलं, तर जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद सहज लागतात. पापणी लवते तेवढ्यात होतं. पण एका पानासाठी असे चाळीस प्रश्न एकापाठोपाठ एक विचारले, तर माणूस आठ सेकंद कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो. पीटर डॉइच यांनी नव्वदच्या दशकात प्रोग्रामर मंडळींच्या भाबड्या समजुतींची एक यादी केली होती. पहिलीच समजूत अशी की नेटवर्क भरवशाचं असतं. मी ती यादी कॉलेजात पाठ केली होती. परीक्षेत पाच मार्कांना आली होती.

ती खरी कळली एका सणाच्या आदल्या रात्री.

पेमेंटची सेवा बंद पडली नव्हती. पडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मंदावली होती, उन्हाने कावलेल्या बैलासारखी. उत्तर येईना म्हणून ॲपने तीनदा विचारलं. ॲपच्या प्रत्येक विचारण्यामागे ऑर्डरने तीनदा विचारलं, आणि ऑर्डरच्या प्रत्येक विचारण्यामागे मधल्या आणखी एका थराने तीनदा. ग्राहकाने बोट एकदाच टेकवलं, पण पेमेंटच्या दारात २७ जण उभे. हा पुन्हा पुन्हा विचारण्याचा शहाणपणा माझाच होता; मीच तो हौसेने लिहिला होता. पहाटे तीनला आलेख लाल होऊन फुटत होते, आणि मला, का कोण जाणे, ओल्या मातीचा वास येत होता.

आबांच्या फावड्याचा वास.

आबा पाटकरी होते. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्याच्या चाऱ्या, चारीतून फडाला, म्हणजे शेतांच्या एकेका पट्ट्याला, आणि तिथून वाफ्यावाफ्याला पाणी. आणि हे पाणी वाटून देणारा गावाने नेमलेला माणूस म्हणजे पाटकरी. गव्हाला पाणी असलं की हिवाळ्याच्या रात्री मी हट्टाने त्यांच्या मागे जायचे. कंदील बांधावर ठेवलेला, थंडीने बोटं आखडलेली, आणि काळ्या पाटातून चांदणं वाहत येतंय असं वाटावं इतकं ते पाणी आवाज न करता यायचं. वाफा भरत आला की आबा पुढचं दार आधी मोडून ठेवत, मग पहिलं बांधत. उलटं कधी नाही. आधी बांधलं आणि पुढची वाट तयार नसली, तर मागून येणारं पाणी थांबत नाही. ते चढतं, बांधाचा कच्चा कोपरा हुडकतं, आणि एकदा बांध फुटला की वरच्या शेतकऱ्याची माती खालच्याच्या गव्हात. ‘‘पाण्याला नाही म्हणता येत नाई पोरी,’’ ते म्हणायचे, ‘‘त्याला कुठं जा ते सांगावं लागतं.’’

मायकेल नायगार्ड यांच्या २००७ सालच्या पुस्तकात सर्किट ब्रेकरची युक्ती वाचली, पलीकडून सलग उत्तर येत नसेल तर विचारणं काही काळ थांबवायचं, येणाऱ्याला लगेच दुसरी वाट दाखवायची, मग हळूच एकदा चाचपून बघायचं, तेव्हा मला ते पान ओलं लागलं. सर्टिफिकेटं मी नंतर दोन मिळवली. भिंतीवर बरी दिसतात.

शिकायचं होतं ते बरंचसं माणसांत होतं. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच घडणीची यंत्रणा त्यांच्या हातून तयार होते. आमच्या साठा आणि ऑर्डर या दोन टीम एकाच मजल्यावर बसून एकमेकींना ई-मेल पाठवत. आणि सगळ्यात जास्त बिघाड नेमके त्यांच्यामधल्या रेघेवर. मी दोन महिने रोज चार वाजता दोन्हीकडच्या एकेकाला धरून टपरीवर न्यायचे. कटिंगच्या वाफेत, पावसात भिजलेल्या पत्र्याखाली, कधीतरी एक जण बोलला, ‘‘तुम्ही साठ्याचा आकडा कधीचा दाखवता हो?’’ दुसरा म्हणाला, ‘‘रात्री बाराचा. का? तुम्हाला आत्ताचा वाटत होता?’’

दोघंही गप्प झाले. टपरीवाल्याने चहा ओतला त्याची धार ऐकू येत होती.

पण आबांचं एक कसब मला अजून आलेलं नाही. फडात पाणी कमी पडणार असं दिसलं, की गाव आधीच बसून ठरवतं, यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. थेंबथेंब सगळ्यांना देऊन सगळंच वाळवायचं नाही. मी हेच फळ्यावर मांडलं. ताण आला की आधी अहवाल बंद, मग सूचना. पेमेंटचं पाणी शेवटपर्यंत तोडायचं नाही. नकाशा देखणा होता. अहवालवाल्या टीमचे प्रमुख शांतपणे म्हणाले, ‘‘कोरडं राहायचं ते दर वेळी आमचंच का?’’ आणि मी पुन्हा त्या पहिल्या संध्याकाळसारखी मार्कर हातात घेऊन उभी राहिले. गावात बहुतेकांचं रान प्रत्येक फडात थोडंथोडं असतं. कुठलाही फड कोरडा ठेवा, झळ सगळ्यांच्याच घरी पोचते, म्हणून बैठकीत माना हलतात. इथे एकेकाला एकेक चौकट वाटलेली, आणि ती वाटणारी मी. हे मला कुठल्याच पुस्तकात आधी दिसलं नव्हतं. दिसलंही असेल, डोळे चौकटींवर होते.

शेवटी निर्णय झाला तो अर्धामुर्धा. तो मी लिहून ठेवला, आमच्यात तशी पद्धत आहे: काय ठरलं, का ठरलं, कोणाला पटलं नाही. ‘कोणाला पटलं नाही’ हा रकाना मी माझ्या पदरचा घातला. आबांकडे वही नव्हती. ज्यांना पटलं नाही त्या माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात असायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम त्यांच्याच ओट्यावर तंबाखू मळायला जाऊन बसायचे.

मीही सध्या दर बुधवारी अहवालवाल्यांच्या टेबलाशी जेवते.

काल गावाहून काकांचा फोन आला. पांझरेला पाणी बेताचंच आहे. बैठकीत यंदा तिसरा फड कोरडा ठेवायचं ठरलं. आमचं अर्धा एकर त्यात आहे.