तलाव रिकामा हवा

नवी मुंबईतल्या पावसाळी नाल्यांच्या देखभालीत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. इथले कितीतरी सखल सेक्टर खाडीकाठी भराव घालून उठवलेले, तोही बेताचाच. मोठ्या भरतीची पातळी त्यांच्याहून वर चढते. सगळी जमीन तेवढी उंच करायची तर भरावाचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून सिडकोनं डच पद्धतीचे धारण तलाव ठेवले. आम्ही त्यांना होल्डिंग पाँडच म्हणायचो.

भरतीला खाडीच्या दाबानं तलावाच्या खाडीकडच्या तोंडावरचं फ्लॅप गेट, म्हणजे बाहेरच्याच बाजूला उघडणारी झडप, मिटतं आणि शहराचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की आतलं पाणीच झडप ढकलून बाहेर पडतं. आमचे मुकादम जवळच्याच आगरी गावातले. ते म्हणायचे, "साहेब, आमच्या शेताच्या बांधाला उघाडी होती, तीही अशीच चालायची."

एका जुलैत उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकदमच आले. तलाव पावसाच्या मानानं फारच भराभर चढत होता. गेटवर जाऊन बॅटरी मारली, तर झडपेच्या कडेला ओंडका अडकलेला, त्याला थर्माकोल आणि प्लास्टिक गुंडाळलेलं. वीतभर फटीतून खाडी आत घुसत होती. त्या दाबापुढे ओंडका हलेना. ओहोटीपर्यंत सगळी भिस्त पंपांवर. काही तळमजल्यांत पाणी शिरलंच.

म्हणून कुणी तलावाकडे बघून "किती जागा वाया गेली" म्हटलं की मला राहवत नाही. रिकामं राहणं हेच तर त्याचं काम. एक हेक्टर काँक्रीटवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी होतं, आणि ते जवळजवळ सगळं लगोलग नाल्यात येतं. तिथं माती-गवत असतं तर बरंचसं मुरलं असतं, उरलेलं सावकाश आलं असतं. त्यात तलावात गाळ साचतो, गाळावर तिवरं रुजतात. तिवरांना न्यायालयाचं संरक्षण आहे आणि ते हवंच. पण मग गाळ काढणं परवानग्यांत अडकतं. ती रुजण्याआधीच, दर उन्हाळ्यात गाळ निघायला हवा.

आणि नव्या संकुलांनी आपलं पाणी आपल्या आवारात तासभर तरी थोपवावं. पार्किंगखाली टाकी, बाहेर पडायला बारीक पाइप, एवढंच लागतं. एका सोसायटीच्या सभेत हे मांडलं तेव्हा सेक्रेटरींनी आधी खर्च विचारला. मी तो सांगितला आणि नकाशा पसरून टाकीची जागा कुठे निघते तेही दाखवलं.