दाबा, धरा, सोडा

बाजारात सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नसतं. साध्या गाड्यांमधलं हे द्रव ग्लायकॉलपासून बनतं आणि हळूहळू हवेतलं पाणी शोषत राहतं. ताजं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १४०च्या आसपास येऊ शकते. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, तर नळ्यांमध्ये वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

आमची मारुती ८०० वीस वर्षांची आहे आणि ती बाबांची आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला. गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नाही, आईची आहे. आजी सासवडला असते आणि हडपसरहून तिकडे जायचं म्हणजे दिवे घाट आलाच.

पेडल मऊ लागायला लागलं, म्हणून रविवारी पार्किंगमध्ये आम्ही ब्रेकमधली हवा काढली. बाबा सीटवर, मी चाकापाशी जमिनीवर. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या नव्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"दाबा."

"धरलंय."

मी पान्याने निपल थोडं सैल करतो. काळपट ऑइल बुडबुड्यांसकट बाहेर येतं, पेडल तळाला जातं. निपल घट्ट करून मी "सोडा" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा आत ओढली जाते. वरची टाकीही रिकामी होऊ द्यायची नाही.

कोड अडला की मी लॉग बघतो. इथे लॉग म्हणजे बाबांचा पाय. तिसऱ्या चाकाला नळीत मला काहीच दिसत नव्हतं. ते म्हणाले, "अजून मऊ आहे." पुढच्या दाबाला बारीक बुडबुडा निघाला.

चार चाकं मिळून त्यांनी पन्नासेक वेळा तरी पेडल धरून ठेवलं. गुडघ्याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पाय एकदाही लवकर सुटला नाही.

शेवटी पेडल वरच घट्ट लागलं. हे ऑइल रंग खातं, म्हणून सांडलेलं पाण्याने धुतलं. मग सोसायटीतच हळू चालवून ब्रेक तपासले.

आईला सांगितलंय, सासवडला बाबाच चालवतील. मी शेजारी बसेन, येताना घाट उतरतानाही.