खोक्यावरचा पत्ता

"एक मोबाइल, एक लॅपटॉप आणि घरातली रिकामी खोली, बस्स! परदेशातून माल मागवा आणि ऑनलाइन विका!" असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. धुळ्याच्या माझ्या मावसबहिणीने जरा जास्तच पाहिले :-) शिकवण्या घेऊन जमवलेले दोन लाख रुपये तिच्या गाठीशी होते आणि डोक्यात एकच गोष्ट, चीनमधून खेळणी आणायची.

"दादा, तू कंप्युटरवाला ना, मग कायद्याचं काय काय लागतं ते बघून सांग."

आता कंप्युटरचा आणि कस्टमचा काय संबंध? पण नाही म्हणायची सोय नव्हती. जळगावला माझा शाळेतला एक मित्र सीए आहे, त्याला पकडलं. त्याने पहिल्याच मिनिटाला खेळणी बाद केली!

कारण असं की 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. माल बाहेरचा असेल तर हे लायसन्स तिथल्या कारखान्याने आपल्या भारतीय मानक ब्युरोकडून घ्यायचं असतं. पन्नास खोकी घेणाऱ्या धुळ्याच्या गिऱ्हाइकासाठी कुठला कारखाना एवढा खटाटोप करेल? शिवाय खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 वर गेली. म्हणजे पहिला धडा हा, की आधी वस्तू तपासायची, नोंदणी नंतर. पॉवर बँक, मोबाइल चार्जर यांनाही ब्युरोची नोंदणी लागते. शेवटी गाडी रेझिन आर्टच्या सिलिकॉनच्या साच्यांवर येऊन थांबली.

मग कागदपत्रं. इथे मात्र मी चकित झालो. विक्रीसाठी आयात करायची तर आयईसी कोड लागतो. तो घरबसल्या मिळतो, फी 500 रुपये. 2017 साली जीएसटी आल्यापासून हा कोड म्हणजे तुमचा पॅन नंबरच असतो. फक्त दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती ऑनलाइन अपडेट करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. जीएसटी नोंदणीला सरकारी फी शून्य. घरचा पत्ता चालतो, लाईट बिल मावशीच्या नावावर असेल तर तिचं संमतिपत्र जोडायचं. कामगार मोजकेच असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना पुरते.

"पण दादा, चाळीस लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही ना?"

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्यासाठी ते खरंय. पण खान्देशी माणसाला सूरत आणि इंदूर घरच्यासारखं. नवापूरच्या पुढे गुजरात, शिरपूरच्या पुढे मध्य प्रदेश. ऑनलाइन विकायला बसल्यावर पहिली ऑर्डर तिकडूनच येणार. आणि परराज्यात एक साचा जरी विकला तरी उलाढाल न बघता नोंदणी सक्तीची!

आता थोडं गणित (सवय जात नाही). समजा माल, भाडं आणि विमा धरून किंमत 1,00,000 रुपये. ड्युटी 10 टक्के धरली तर 10,000. त्या ड्युटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 1,000. मग 1,11,000 वर 18 टक्के आयजीएसटी, 19,980. एकूण 1,30,980. नोंदणी असेल तर हे 19,980 पुढच्या विक्रीच्या करातून वळते होतात. पण माल विकेपर्यंत ते पैसे अडकलेलेच. आणि विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं, उशीर झाला की दिवसाला 20 रुपये दंड. पार्सलवर 'गिफ्ट' लिहून पाठवतो म्हणणारे पुरवठादारही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. गिफ्टची ती सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. आणि विकायचा माल गिफ्ट म्हणून आणणं तेव्हाही बेकायदाच होतं.

इथवर सगळे खूश. मग सीए मित्राने लेबल काढलं. आयात केलेल्या प्रत्येक पाकिटावर आयातदाराचं नाव, पूर्ण पत्ता, मूळ देश, नग, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन हवा. त्यासाठी वैधमापन खात्यात नोंदणी वेगळी. हे लेबल माल कस्टममधून सुटण्याआधी लागतं, म्हणून बरेच जण ते पुरवठादाराकडूनच छापून घेतात.

तोपर्यंत काका म्हणत होते की धंदा मावशीच्या नावावर करू, तिला टॅक्स नाही, बरं पडेल. लेबल ऐकून मावशी ओट्यापाशी थबकली. "मन्हा घरना पत्ता? चीनमा छापतीन?"

मावशीने बरोबर नस पकडली होती. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत सांगायचं तर प्रोप्रायटरशिप म्हणजे सगळा प्रोग्राम रूट यूजरने चालवणं. धंदा वेगळा आणि माणूस वेगळा अशी भिंतच नसते. पॅन तोच, देणी तीच. उद्या कराची नोटीस आली तर ती ज्याच्या नावावर धंदा त्यालाच येणार, आणि वसुली मावशीच्या एफडीपर्यंत पोचू शकते. सही मावशीची आणि निर्णय लेकीचे, हे किती दिवस चालेल?

बहिणीने नोंदणी स्वतःच्या नावावर केली. पहिली ऑर्डर दोन लाखांची न देता साठ हजारांची दिली, बाकीचे कर, भाडं आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवले. धंदा चालेल की नाही, देव जाणे.

नोकरी सांभाळून 'साइडला काहीतरी इम्पोर्ट करू' म्हणणारे आपल्या ऑफिसात टेबलागणिक एक सापडतील, आणि नोंदणी आईच्या किंवा बायकोच्या नावावर करण्याची आयडियाही ठरलेलीच. जरूर करा. फक्त कागद स्वस्त आहेत म्हणून जबाबदारीही स्वस्त असेल असं समजू नका. खोक्यावर ज्याचं नाव छापणार आहात, त्याला आधी एकदा नीट बसून सगळं समजावून सांगा. बस्स, एवढंच.