चिमटीतलं कापड

वसई रोडहून गोरेगाव आठवं स्थानक. तिथल्या नेस्कोत कापडाचं प्रदर्शन लागलं की वालीवच्या गाळ्यात शर्ट शिवणारा एक कारखानदार हमखास जायचा. यंदा मात्र त्याचा पाय उंबऱ्यात अडला. एक अख्खा दिवस मोडायचा कशाला? नमुने तर मोबाइलवरच येतात.

मोबाइलवर रंग दिसतो, पोत नाही.

गेल्या खेपेला फोटो पाहून मागवलेलं पॉपलीन दिसायला झकास होतं. पहिल्याच धुण्यात आटलं, बाह्या मनगटाच्या वर चढल्या. तेव्हापासून त्याला आपल्याच बोटांची आठवण येते. चिमटीत कोपरा धरून चुरगाळायचा, सोडायचा, सुरकुती किती वेळ राहते ते बघायचं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निळा वाटलेला रंग उन्हात जांभळट निघतो, हेही त्याला ठाऊक.

प्रदर्शनांचा पसारा वाढलाय, हे खरं. फेब्रुवारी २०२४मध्ये दिल्लीत पहिलं ‘भारत टेक्स’ भरलं, तेही भारत मंडपम आणि यशोभूमी अशा दोन ठिकाणी. छोट्या गाळेवाल्याने एवढ्यात हिंडायचं तरी किती? स्टॉल मांडणं त्याला झेपणारं नाहीच. पण तीन-चार कापडं मनात धरून फेरी मारणं अजूनही स्वस्त पडतं.

शेवटी तो गेलाच. परतीच्या विरार लोकलमध्ये, गर्दीत चेपलेला, खिशातला चौकोनी तुकडा चाचपत होता. भाव उद्या विचारायचा. आज रात्री तो तुकडा पट्टीने मोजून बादलीत भिजत घालायचा होता.